चेंडू सुटताना

अजयला चेंडू टाकायचा असला की दिवाकररावांना हातातलं पुस्तक बाजूला ठेवावं लागे. टीव्हीवरच्या गेमचा रिमोट दोघांत एकच होता. त्याचा डावा भाग अजय डाव्या हातात धरी आणि उजवा भाग दिवाकरराव उजव्या हातात. मधे उशी, आणि उशीवर अजयचा उजवा हात, तळवा वर करून ठेवलेला. रिमोट त्या तळव्यावरच टेकवत, कारण दोघांच्या मधे दुसरी जागाच उरत नसे.

डावी खुंटी अजयची. तिनं चेंडूचा टप्पा कुठे पडायचा ते ठरे. टीव्हीवरचा बोलर धावत सुटला की उजवी खुंटी दिवाकररावांची. बोलरनं उडी घेतली की ती मागे ओढायची आणि त्याचा पुढचा पाय पडताच वर ढकलायची. लवकर ढकलली तर फुलटॉस. उशीर झाला तर नो-बॉल.

"नो-बॉल," अजय म्हणाला. "अण्णा, तुमचा जन्म गेला वाचनालयात लोकांना शांत बसा म्हणण्यात. तुम्हाला घाई कशी जमणार?"

"उशीर झाला का?"

"अंपायरला विचारा. हात आडवा करून उभा आहे बिचारा."

दिवाकररावांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. आपण हसलो तर अजय पुन्हा गप्प होईल, अशी एक भीती त्यांना उगीचच वाटत असे.

अजय बेचाळीस वर्षांचा होता. रेल्वेत नोकरी लागली ती बोलिंगमुळे. झाशी रेल्वे मंडळाच्या संघाकडून तो बरीच वर्षं नवा चेंडू टाकत होता. खेळणं सुटल्यावरही रविवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर जाऊन दोन-चार षटकं टाकून येई. मग शिवपुरी रोडवर मोटरसायकलसमोर नीलगाय आडवी आली. डोकं वाचलं, पाय वाचले. उजव्या खांद्यातल्या नसा मात्र मणक्यापासून उपटून निघाल्या होत्या. दिल्लीला मोठी शस्त्रक्रिया झाली, दुसरीकडच्या नसा आणून तिथं जोडल्या, आणि वाट बघा म्हणून सांगितलं. वाट बघून झाली होती. खांदा थोडा उचलला जाई. कोपराखाली काहीच नव्हतं. स्पर्श कळत नव्हता, पण आग मात्र होई, आतून, बोटं कुणी निखाऱ्यात धरावीत तशी. आणि हात जड. दिवसभर तो खांद्याला ओढत राही.

शेवटी अजयनंच ग्वाल्हेरच्या डॉक्टरांना विचारलं, की हा काढून टाकता येईल का. डॉक्टर म्हणाले, येईल. आग थांबेल असं वचन ते देत नव्हते, पण ओझं जाईल, गळ्यातला पट्टा जाईल, माणूस सरळ चालेल. संक्रांतीनंतरची तारीख ठरली. मेघना, अजयची बायको, हे ऐकून घरी आली ती सरळ कणीक मळायला बसली. दिवाकरराव पुस्तक घेऊन बसले. मुलाचा हात, निर्णय मुलाचा. आणि अशा बाबतीत आपल्याला काय कळतं, हा त्यांचा नेहमीचा विचार होता.

गेमचं यंत्र मेघनाच्या भावानं भोपाळहून पाठवलं होतं, त्याच्या मुलाचं जुनं. अजय त्यात फक्त बोलिंग करी. बॅटिंग आली की ती यंत्राच्या हवाली करून डोळे मिटून बसे.

"खऱ्यासारखं वाटतं का रे?" दिवाकररावांनी एकदा विचारलं.

"रन-अप खरा आहे. उडी खरी आहे. पाय पडतो तोही खरा. ज्यानं बनवलंय त्यानं बोलर नीट बघितलेत." अजय टीव्हीकडेच बघत होता. "पण सुटताना काही नाही."

"म्हणजे?"

"चेंडू सुटतो तेव्हा बोटांना कळतं, अण्णा. कसा पडणार, ते आधीच कळतं. इथे टप्पा पडेपर्यंत पत्ता नाही आपण काय टाकलं त्याचा. मुर्दा आहे सगळं."

दारात उभी असलेली रेवा म्हणाली, "मग का फेकत राहता पप्पा? दुसरा गेम लगा लो ना."

"फेकत नाही, टाकतो म्हण. हिंदीत फेंकना चालतं. मराठीत फेकणाऱ्याला अंपायर बाहेर काढतो."

"तेच ते," रेवा म्हणाली आणि अभ्यासाला गेली. तिचं बारावीचं वर्ष होतं.

त्या वेळी दिवाकररावांना एक गोष्ट सांगायची होती, पण त्यांनी सांगितली नाही. चेंडू सुटतो त्या क्षणी त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप येई. अंगठ्यापासून मनगटापर्यंत, क्षणभरच. हा आपल्या वयाचा कंप आहे, असं त्यांनी धरलं होतं. सकाळी बशीत कप वाजे, सही करताना अक्षर हले. अशा थरथरीबद्दल त्यांनी पुस्तकांतून वाचलं होतं, आणि पुढे काय काय होतं तेही वाचून ठेवलं होतं. मुलाचा असा हात समोर पडलेला असताना आपल्या थरथरीचं काय सांगायचं?

नो-बॉल पडू नये म्हणून दिवाकरराव फार प्रयत्न करत. टीव्हीवरच्या पायाकडे बघून जमेना, म्हणून ते अजयच्या आवाजावर खुंटी ढकलू लागले. अजय "आता" म्हणे. ते मान खाली घालून ऐकत. अशा मान खाली घातलेल्या एका दुपारी त्यांना दिसलं की अजयचं पहिलं बोट आणि मधलं बोट हललं.

अगदी थोडं. "आता" म्हटल्याबरोबर.

त्यांनी चष्मा पुसला. पुढच्या चेंडूला बोटं पुन्हा हलली. बाकीची दोन बोटं आणि अंगठा स्वस्थ होते. बोलर चेंडू सोडताना शिवणीवर असतात ती हीच दोन बोटं, एवढं त्यांना बाप म्हणून ठाऊक होतं.

आपल्याला हवं ते आपण बघतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. पाणी प्यायला अजय थांबला तेव्हा पाहिलं, बोटं निश्चल. रिप्ले चालू असताना पाहिलं, निश्चल. फक्त चेंडू सुटताना हलत. त्यांच्या पुस्तकी डोक्याला हा पुरावा वाटू लागला. शरीराला आठवण असते, आणि ज्या कामाचा सराव जन्मभर केला त्या कामाला ते आधी जागं होतं, असंही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवेना. त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला ते कचरत होते.

त्यांनी मेघनाला स्वयंपाकघरात गाठलं.

"नक्की बघितलंत, अण्णा?" तिनं गॅस बारीक केला.

"नक्की कसं म्हणू. मला वाटलं तरी तसं."

"मग नका सांगू. मुश्किलीनं त्याचं मन तयार झालंय. तुम्ही नक्की म्हणाल तेव्हा सांगा."

नक्की म्हणणं हे दिवाकररावांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. पण संक्रांत जवळ आली. तिळाचा वास घरात भरला, आणि ग्वाल्हेरला न्यायची पिशवी मेघनानं कपाटाच्या वरून खाली काढली. ती पिशवी बघून त्यांना झोप येईना. आपण चुकीचं सांगितलं तर मुलाला वाईट वाटेल. आपण गप्प राहिलो आणि ते खरं असलं तर जिवंत होत असलेला हात कापला जाईल. ह्या दोन्हींत वाईट काय, हे ठरवायला त्यांच्यासारख्या माणसालाही वेळ लागला नाही.

"अजय," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चेंडू टाकताना टीव्हीकडे बघू नकोस. हाताकडे बघ."

"का?"

"बघ तू."

अजयनं टप्पा ठरवला. बोलर धावत आला. दिवाकररावांनी खुंटी ओढली, ढकलली. दोन्ही बोटं हलली.

अजय हातावर वाकला. मग म्हणाला, "पुन्हा." मग पुन्हा म्हणाला. षटक संपलं तेव्हा त्याच्या नाकाखाली घाम आला होता. "मेघना," त्यानं हाक मारली, आणि ती आल्यावर तिला काय सांगायचं होतं ते त्याला सांगता येईना. दिवाकररावांनीच सांगितलं.

शस्त्रक्रिया रद्द झाली.

त्यानंतरचे आठवडे त्या घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं बोलणं चालू होतं. अजय सकाळी उठून हाताशी बोलत बसे. नुसतं हलव म्हटलं की बोट हलत नसे. रिमोट बाजूला ठेवून, डोळे मिटून, मनात रन-अप घेऊनही हलत नसे. मेघनानं ते बोलून दाखवलं तेव्हा अजय म्हणाला, "हळूहळू होतं ते. खरा बॅट्समन समोर नसला की माझ्यानं नेटमध्येही कधी नीट पडायचा नाही."

"हा बॅट्समन तरी कुठे खरा आहे?"

"तुझ्यापेक्षा खरा आहे. निदान आउट झाला तर गुपचूप जातो."

मेघना हसली. ती हसताना बघून दिवाकररावांना वाटलं, आपण सांगितलं ते बरं केलं. असं त्यांना सहसा वाटत नसे.

झाशीची थंडी त्या वर्षी उतरत नव्हती. कुणीतरी सांगितलं की नसांना शेक चांगला, म्हणून अजयनं सीपरी बाजारातून गरम पाण्याची पिशवी मागवली. रोज संध्याकाळी तो ती तळव्यावर ठेवून बसे. हाताला कळत नव्हतंच. एके संध्याकाळी पाणी फार गरम होतं, बूच नीट बसलं नव्हतं, आणि अजय बातम्या बघत होता. मेघना शाळेतल्या नोकरीवरून येऊन दिवा लावायला खोलीत गेली तेव्हा तिला उशी ओली दिसली. पिशवी उचलली तर तळव्याची कातडी तिच्याबरोबर आली.

"दुखलं नाही," अजय तिला म्हणाला. जणू ती चांगलीच गोष्ट होती.

जखम भरेना. मलमपट्टी चालू होती, पण बोटांची टोकं काळवंडत गेली आणि सूज मनगटाच्या वर सरकली. ताप यायला लागला तेव्हा मेघनानं विचारलं नाही, गाडी ठरवली आणि सगळ्यांना ग्वाल्हेरला नेलं. रेवा शेजारी राहिली.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. त्यांनी जखम पाहिली, मग हातात बारीक सुया घालून नसांची तपासणी करवली. अजयला ते "आता मूठ वळवा, आता बोट उचला" असं हिंदीत सांगत होते आणि पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. ती कुठेही उठली नाही.

"हाथ में सिग्नल नहीं है, अजयजी," ते म्हणाले. "और ज़ख़्म बिगड़ रहा है. मैं आठ-दस दिन से ज़्यादा नहीं रुकूँगा. ज़हर ऊपर चढ़ा तो बात हाथ की नहीं रहेगी."

"उँगली हिलती है, डॉक्टर साहब. ऐसे नहीं हिलती, बॉलिंग करते समय हिलती है." अजय वळला. "अण्णा, सांगा यांना."

खोलीत मदतनीस होता, एक परिचारिका होती. दिवाकररावांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ते उठून उभे राहिले, शाळेत उभं राहावं तसे.

"मैंने देखा है, जी. दो उँगलियाँ. बॉल छोड़ते समय."

"बॉलिंग कर रहे हैं आप?" डॉक्टरांनी अजयच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"गेम में," दिवाकरराव म्हणाले. "टीवी पर."

परिचारिकेनं मान दुसरीकडे वळवली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दिवाकररावांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले, "बाबूजी, आपने देखा होगा. मशीन में कुछ नहीं है, मैं बस इतना कह सकता हूँ."

परतीच्या वाटेवर अजय खिडकीकडे तोंड करून बसला होता. दतिया मागे गेल्यावर म्हणाला, "मशीन जुनं होतं त्यांचं." मेघना त्याची पट्टी सारखी करत होती. "जखम गोळ्यांनी भरेल. हात मी देणार नाही. दोघांनी बघितलंय. अण्णांनी बघितलं, मी बघितलं. अण्णा कधी न बघता बोलतात का?"

दिवाकररावांना वाटलं, गाडी थांबवून उतरावं.

पुढचे दिवस अजय तापात होता. औषधानं त्याला गुंगी येई. कपाळ तापलेलं, ओठ कोरडे, आणि उशीवर बांधलेला हात, ज्याचा वास आता खोलीत कळत होता. मेघना दर थोड्या वेळानं सूज कुठवर आली ते बोटानं चाचपून बघे. ती काल होती त्याच्या वर असे. ती अजयला रोज एकदा विचारी, आणि तो रोज नाही म्हणे.

रेवाचा शेवटचा पेपर झाला. दुपारी ती बाहेरच्या खोलीत आली. काय करावं ते तिला कळत नसावं. तिनं टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि रिमोट दोन्ही हातांत घेऊन बसली. दिवाकरराव खुर्चीत होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण पान तेच होतं.

"आजोबा," थोड्या वेळानं ती म्हणाली, "हे एकाच साइडनं का हिलतं?"

"काय हलतं?"

"रिमोट. बॉल सोडला की राइटला व्हायब्रेट होतं. लेफ्ट बंद आहे. मामांकडे दोन्हीकडे होत होतं. वो मोटर होती है ना अंदर, ती गेली असेल."

दिवाकरराव उठले. "दे बघू."

त्यांनी रिमोट घेतला, दोन्ही हातांनी, पहिल्यांदाच. रेवानं डावी खुंटी कशी धरायची ते दाखवलं. बोलर धावत आला. त्यांनी खुंटी ढकलली आणि कंप आला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, क्षणभरच. डाव्या हातात काही नाही.

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि रेवाला पुढचा चेंडू तसाच टाकायला सांगितला. रिमोट टेबलावर गुरगुरला. जवळ पडलेली पेन्सिल त्या गुरगुरण्यानं थोडी सरकली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" रेवानं विचारलं.

"मला वाटलं, माझाच हात आहे."

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. तिचं तोंड एकदम लहान मुलीसारखं झालं आणि ती आईला बोलवायला आत गेली. मेघना आली, तिनं रिमोट हातात घेऊन पाहिला, पेन्सिल पाहिली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी सांगू का?" ती म्हणाली.

"नको. त्याला माझं खरं वाटतं."

त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ताप थोडा उतरला होता. अजयला त्यांनी बाहेर आणून बसवलं, पाठीला लोड दिला. हाताची पट्टी मेघनानं सोडली. बोटांकडे बघवत नव्हतं. अजयनं रिमोट पाहिला आणि त्याचा चेहरा थोडा उजळला. दिवाकररावांना तो उजळलेला चेहरा बघावा लागला.

"टाकायचा?" अजयनं विचारलं आणि डावा हात पुढे केला.

"आज तू नको. तू काहीच करू नकोस. मनातसुद्धा नको. मी एकटा टाकतो."

"तुम्ही एकटे? मग नऊ नो-बॉल धरून चला."

दिवाकररावांनी रिमोट अजयच्या तळव्याला हलकेच टेकवला, नेहमीच्या जागी. जखमेला लागू नये म्हणून कड तेवढी बोटांवर ठेवली. टप्पा त्यांनी कुठेही ठरवला. बोलर धावत आला. त्यांनी खुंटी ओढली, ढकलली.

दोन्ही बोटं हलली.

अजय बघत राहिला. "मी टाकला नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पुन्हा टाका."

त्यांनी पुन्हा टाकला. बोटं पुन्हा हलली. मग त्यांनी रिमोट उचलून अजयच्या डाव्या हातात दिला, उजवी बाजू त्याच्या मुठीत येईल असा, आणि खुंटी आपल्या अंगठ्यानं ढकलली. अजयच्या डाव्या मुठीत तो कंप गेला. त्याचे डोळे एकदम मिटले.

"सुटताना," अजय म्हणाला.

"हो. डावी बाजू बंद आहे त्याची. तुला कळायचं नाही. मला कळत होतं, मला वाटलं वय झालं."

"तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

टीव्हीवर बॅट्समन खेळपट्टी ठोकत होता. रेवा दारात उभी होती, ती आत आली नाही. अजयनं रिमोट मुठीत तसाच धरून ठेवला होता. दिवाकरराव वाट बघत होते, की तो रागावेल, रिमोट फेकेल. राग सोसायची त्यांनी तयारी केली होती. अजय रागावला नाही.

"छान केलंय गेमवाल्यांनी," तो म्हणाला. "असंच असतं. अगदी थोडं. मी उगीच म्हणत होतो मुर्दा आहे."

मग त्यानं डोळे उघडले आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"मेघना, फोन लाव डॉक्टरांना. उद्या ऑपरेशनला घेतात का विचार."

मेघना फोन घेऊन गच्चीवर गेली, कारण आत रेंज येत नसे. अजयचा पट्टा सोडलेला होता, हात उशीवरून घसरू लागला आणि खांद्याला ओढ बसून त्याचं तोंड वाकडं झालं. दिवाकरराव पुढे झाले. त्यांनी तो हात कोपराखाली आणि मनगटाशी धरला आणि वर उचलला. इतका जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. वास नाकात भरला, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"दुखतंय?"

"नाही. धरा असाच."

वरून मेघनाचा आवाज येत होता. "जी. जी, कल सुबह. जी हाँ, वे ख़ुद कह रहे हैं." दिवाकररावांचे दंड भरून आले होते. ती खाली येईपर्यंत त्यांनी हात तसाच धरून ठेवला.